साहित्याच्या गप्पांत राजकारण आणू नये, हे बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वाचकांच्या ग्रुपवर अ‍ॅडमिननी "इथे फक्त साहित्य, राजकारण नको" असा नियम केला, आणि तेव्हापासून ग्रुपवर सुप्रभात आणि पुस्तकांच्या कव्हरचे फोटो एवढंच उरलंय, तर हा नियम बरोबर आहे का. माझं मत स्पष्ट आहे, हा नियम पाळताच येत नाही, निदान मराठी साहित्याबद्दल बोलायचं असेल तर नाहीच. आम्हीपण आमच्या ग्रुपमध्ये हाच नियम केला होता, वर्षभर कसाबसा चालला आणि मग आम्हीच तो काढून टाकला.

मी कराडचा. त्यामुळे माझ्यासाठी या प्रश्नाचं उत्तर घरातूनच सुरू होतं. १९७५ च्या शेवटी आमच्या गावात साहित्य संमेलन झालं, आणीबाणी चालू होती, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, म्हणजे केंद्रात मंत्री असलेला माणूस. राजकारण्यांनी व्यासपीठावर बसायचं नाही ही बाईंची भूमिका होती. तिकडे सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तुरुंगातून सुटून आलेले, किडन्या निकामी झालेल्या, मुंबईत जसलोकमध्ये उपचार चाललेले. आणि दुर्गाबाईंनी त्या मांडवात सगळ्यांना जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं.

माझे वडील तेव्हा कॉलेजला होते, मागच्या बाजूला सतरंजीवर बसलेले. ते सांगायचे की आधी मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, कोण कोण उठतंय, कारण थोरला भाऊ सरकारी नोकरीत आणि कोणीतरी बघेल ही भीती, आणि मग शेजारचा एक म्हातारा माणूस काठी टेकत टेकत उठला तेव्हा मला बसून राहायची लाज वाटली. बस एवढंच सांगायचे ते, दरवेळी एवढंच, त्या म्हाताऱ्याचं नाव पण माहीत नव्हतं त्यांना. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना एशियाटिक लायब्ररीत अटक झाली. लायब्ररीत, पुस्तकांच्या मधे! आणि ही बाई कोण, तर महिन्या-महिन्याला झाडं-फुलं-आभाळ कसं बदलतं त्यावर 'ऋतुचक्र' लिहिणारी, लोककथा गोळा करणारी. आता सांगा, 'ऋतुचक्र'वर बोलताना ही अटक बाजूला ठेवायची का? मला तरी जमत नाही. इतकं बारीक बघणारी नजर माणसांची मुस्कटदाबी पण बघणारच ना, नजर काय दोन नसतात.

बरं, हे एकट्या कराडचं नाही. १९४६ चं बेळगावचं संमेलन घ्या, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखकांच्या संमेलनात राज्याची मागणी! चौदा वर्षांनी १ मे १९६० ला राज्य झालं आणि ज्या गावात ठराव झाला ते बेळगावच बाहेर राहिलं. बेळगावच्या मराठी माणसाशी तुम्ही कवितेवर बोलायला बसा, दहाव्या मिनिटाला सीमाप्रश्न येणार, आणि तो आणला म्हणून त्याला गप्प करणं मला अन्याय वाटतो.

पण आमच्या ग्रुपचा नियम खरा मोडला तो फुल्यांच्या पत्रानं. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावलं आणि जोतीरावांनी पत्र लिहून नाही म्हणून कळवलं. थोडक्यात म्हणणं असं की जे लोक सगळ्या माणसांचे हक्क उघडपणे, खुशीनं द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं यांचा आमच्याशी मेळ बसत नाही, आमच्या लोकांनी काय सोसलंय ते त्यांना कळलेलं नाही. आपण ज्याला पहिली-दुसरी संमेलनं म्हणतो (पहिली सभा १८७८ ची) त्यांच्या पायाशीच हे पत्र आहे. म्हणजे मराठी लेखकांच्या एकत्र जमण्याचा इतिहास सुरू होतो तिथंच हा प्रश्न पडलेला आहे की या जमण्यात कोण आहे आणि कोण नाही.

आम्ही आठ-नऊ जण वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो, महिन्यातून एका रविवारी. एका ताईंनी हे पत्र मोठ्यानं वाचलं. 'घालमोड्या दादा' हा त्या सभावाल्यांना मारलेला टोमणा आला तेव्हा एकदोघं हसले, आणि वाचन संपल्यावर कोणीच बोलेना. मग आमच्यातले एक रिटायर्ड गुरुजी होते, रानड्यांना फार मानणारे, ते जरा चिडून म्हणाले की रानड्यांवर हा अन्याय आहे, ते सुधारकच होते. त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. तिला त्या सभेचं आमंत्रण कोण देणार होतं?" गुरुजी काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यात ते स्वतः तयारी करून आले आणि त्यांनीच सांगितलं की १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांचा धिंगाणा होणार हे माहीत असून रानडे आणि फुले दोघं त्यांच्या बाजूनं उभे राहिले होते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एका बाजूला असलेली माणसं, तरीपण पत्रात भीडभाड नाही. त्या दिवशी जी चर्चा झाली तशी मी आजवर कुठं ऐकलेली नाही, आणि "राजकारण नको" म्हणून बसलो असतो तर ती झालीच नसती.

आता भांडणं होतात हे खरंय, आमच्याकडं पण झाली, एका निवडणुकीनंतर दोन जिवाभावाचे मित्र यायचेच बंद झाले आणि ते मला अजून लागतं. नंतर विचार केला तेव्हा कळलं की भांडण पक्षावरून नव्हतंच, "तुमचे लोक", "तुम्ही लोक" या शब्दांवरून होतं. समोरचा माणूस बोलतोय आणि आपण त्याच्या मागं एक झुंड उभी करून त्या झुंडीशी भांडतोय. म्हणून आम्ही राजकारणाची बंदी काढली आणि "तुम्ही लोक" वर बंदी घातली. दुसरं म्हणजे फॉरवर्ड चालणार नाही, जे म्हणायचंय ते कुठं वाचलं ते सांगायचं आणि जमलं तर ते पान घेऊन यायचं.

इतिहासाच्या बाबतीत तर हे लागतंच लागतं. शिवाजी महाराजांविषयी कोणी काही सांगितलं की आम्ही विचारतो, कुठल्या बखरीत? कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, तो महाराजांच्या काळातला माणूस, आणि मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शंभरएक वर्षांनी आलेली. दोन्हीत तेच लिहिलेलं असतं असं नाही. हे एकदा समजलं की आवाज आपोआप खाली येतो, कारण मग वाद तुमच्या-माझ्यात राहत नाही, दोन कागदांत जातो, आणि दोघंही एकाच बाजूला बसून ते कागद बघायला लागतात.

तुमच्या अ‍ॅडमिनशी भांडू नका, त्यांनी पण ग्रुप फुटू नये म्हणूनच नियम केला असणार. त्यांना एवढंच विचारा की एक रविवार द्याल का, प्रत्यक्ष भेटून. आणि जाताना फुल्यांचं ते पत्र घेऊन जा, छोटंसंच आहे, साहित्य संस्कृती मंडळानं काढलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'मध्ये सापडेल, बऱ्याच जुन्या वाचनालयांत ते असतं (आणि ते मंडळ यशवंतराव मुख्यमंत्री असताना सरकारनंच सुरू केलेलं, हे पण सांगा). फक्त ग्रुपवर टाकू नका, एकानं मोठ्यानं वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलणार नाही, तेव्हा तुम्ही लगेच बोलायला सुरुवात करू नका.