तुमचे प्रश्न : बॅरिॲट्रिकनंतर भात, भाकरी आणि साखर

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे : वजन उतरवण्याच्या (बॅरिॲट्रिक) ऑपरेशननंतर दिवसाला कार्ब्ज, म्हणजे कर्बोदके, किती खायचे? आकडा सांगता येतो आणि पुढे तो सांगितलाही आहे. पण प्रथिनांचा हिशेब न करता तो आकडा पाळला तर उपयोग फारसा होत नाही. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वय ४१, उंची १६० सेंमी. सात महिन्यांपूर्वी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून नळी ठेवणारे ऑपरेशन) झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते, आता ९१ आहे. गेले पाच आठवडे काटा हलायला तयार नाही. मैत्रीण म्हणते २० ग्रॅमच्या वर कार्ब्ज नकोत, आहारतज्ज्ञ म्हणतात १०० पर्यंत चालतील. माझे खाणे तर चिमणीएवढे : दोन वेळा चहा, दोन मारी बिस्किटे, अर्धी प्लेट पोहे, दुपारी एक फुलका आणि भाजी, संध्याकाळी दोन खारी, रात्री मऊ वरण-भात. अंडी चालतात, मांस-मासे नाही. (वाचक, सांगली)

आधी काट्याबद्दल. सात महिन्यांत २७ किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ २३ टक्के. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते. त्या मानाने तुमची गाडी रुळावरच आहे. मध्ये चार-सहा आठवडे थांबा लागणे नेहमीचे.

आता तुम्ही दिलेल्या यादीचा हिशेब मांडू. एक चमचा साखर आणि शंभर मिली दूध घातलेल्या चहात साधारण १० ग्रॅम कार्ब्ज, दोन चहांचे २०. दोन मारी ११. अर्ध्या प्लेटीला ३० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर २३. वीस ग्रॅम कणकेचा फुलका १३, भाजी ५. दोन खारी १५. रात्री ३० ग्रॅम तांदूळ आणि १५ ग्रॅम तूरडाळ मिळून ३२. बेरीज सुमारे १२०. म्हणजे ‘चिमणीएवढ्या’ खाण्यातही १०० ची मर्यादा केव्हाच ओलांडली. पण खरी अडचण दुसऱ्या रकान्यात आहे. याच यादीतली प्रथिने मोजली तर जेमतेम २० ग्रॅम भरतात. ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम लागतात, तुमच्या उंचीला ६० ते ८०. ती मिळाली नाहीत की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. स्नायू घटले की बसल्या जागी होणारा खर्च घटतो आणि काटा थांबायला आणखी एक कारण मिळते. केस गळत असतील, जिना चढताना मांड्या भरून येत असतील, तर तेही इथेच शोधा.

मैत्रिणीचे २० ग्रॅम का नको? २० ग्रॅमच्या चौकटीत बसायचे तर मांसाहार भरपूर हवा. तुमच्याकडे ती सोय नाही. डाळ, उसळ आणि दूध सोडले तर कार्ब्जबरोबर तुमची निम्मी प्रथिनेही ताटातून उठतील. शिवाय अशा आहारात पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झरझर उतरतात ते बहुतांशी पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा रिकामा झाला की पाणी जाते, आणि एका लग्नाच्या जेवणात परत येते. काटा खूश होतो, चरबी जिथल्या तिथे.

मग किती? पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पातळ आणि मऊ आहार चालू असताना, ५० ग्रॅमच्या आसपास आपोआपच राहतात. तुमच्या टप्प्यावर ७० ते १०० ठीक. वर्षानंतर वजन स्थिरावले की १३० पर्यंत जायला हरकत नाही. निरोगी प्रौढाला मेंदूच्या गरजेपोटी रोजचे म्हणून सांगितलेले प्रमाणही १३० ग्रॅमच आहे.

तुमच्याच स्वयंपाकघरात बसणारा एक दिवस असा. सकाळी २०० मिली दुधाचा बिनसाखरेचा चहा किंवा नुसते दूध. न्याहारीला ३० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे, आत ३० ग्रॅम पनीर किसून. दुपारी कोरडे असताना २० ग्रॅम भरतील एवढ्या सोया चंक्सची भाजी, अर्धा फुलका आणि शंभर ग्रॅम दही. चार वाजता व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा) एक स्कूप पाण्यात. रात्री दोन अंड्यांची भुर्जी, २० ग्रॅम मटकीची उसळ, पालेभाजी आणि ३० ग्रॅम पिठाच्या भाकरीतली अर्धी. प्रथिने ७० ते ७५ ग्रॅम, कार्ब्ज ८० च्या आसपास. एका बैठकीत हे सगळे जात नसेल तर उसळ पुढच्या खाण्यात ढकला. प्रत्येक जेवणात आधी पनीर, अंडे, उसळ, मग भाजी, पोट भरले तर भाकरी ताटात राहू द्या. आईने शिकवलेले ‘पानात टाकू नये’ इथे मोडायचे.

आणि खारी, बिस्किटे बंद. हा नुसता मैद्यावरचा राग नाही. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, उरलेली नळी घट्ट अन्नाने भरते आणि भरल्याची जाणीव होते. चहात बुडवलेली खारी म्हणजे पेज. ती नळीतून घसरून जाते, नळी भरतच नाही. त्यामुळे एका अंड्याने ज्यांचे पोट गच्च होते त्यांना तासाभरात सहा खारी सहज जातात. चिवडा, शेव, फरसाण, आइस्क्रीम याच जातीचे. जेवताना पाणी पिणेही त्याच कारणाने टाळायचे. जेवणानंतर अर्धा तास थांबा.

एक आठवडा स्वयंपाकाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा वापरून सगळे कच्चे असतानाच मोजा. ‘एक वाटी’ हे माप नव्हे. प्रत्येक घरची वाटी वेगळी. प्रथिने साठच्या वर नेऊन सहा-आठ आठवडे गेले आणि तरीही वजन आणि कमरेचे माप दोन्ही जागचे हलले नाही, तर थायरॉइड आणि चालू असलेली इतर औषधे तपासून घ्या.

प्रश्न : पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली. वजनाला फरक पडेल का? (वाचक, लातूर)

कार्ब्जच्या हिशेबात जवळजवळ नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि कणकेत कार्ब्ज सारखेच, ६५ ते ७० ग्रॅम. उलट आपली नेहमीची भाकरी ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे तीन फुलक्यांएवढी होते. भाकरीची आवड असेल तर लहान, पातळ थापा. सुरुवातीच्या महिन्यांत मऊ पोळी चिकट गोळा होऊन अडकते. कडक भाकरी चावून चावून खाल्ली जाते. हा तिचा खरा फायदा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झाला. पाडव्याला वाटीभर श्रीखंड आणि दोन पुऱ्या खाल्ल्या. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळ, मग जुलाब. ते थांबले आणि दोन तासांनी हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. हृदयाचे काही असेल का? (वाचक, ठाणे)

ईसीजी एकदा काढून घ्या, त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही लिहिले आहे ते डम्पिंगचे, म्हणजे गोड अन्न एकदम आतड्यात ओतले जाण्याच्या त्रासाचे, वर्णन आहे, आणि ते लवकरचे आणि उशिराचे, दोन्ही प्रकारचे एकाच दुपारी झाले.

बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलीची पिशवी उरते आणि ती थेट लहान आतड्याला जोडलेली असते. अन्न थोडे थोडे सोडणारे जठराचे दार वाटेतून बाद झालेले असते. घरच्या श्रीखंडात चक्का आणि साखर सारख्या वजनाने घालतात, म्हणजे शंभर ग्रॅमला ५० ग्रॅम साखर. एवढी दाट साखर एकदम आतड्यात उतरली की तिला पातळ करायला रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. रक्तदाब घसरतो, हृदय धावते, पोट ढवळते. हे साधारण दहा ते तीस मिनिटांत होते. आडवे व्हा, पाय थोडे वर घ्या; बहुधा तासाभरात ओसरते.

दोन तासांनी झाले ते वेगळे. साखर झपाट्याने रक्तात चढली म्हणून इन्सुलिनही गरजेपेक्षा जास्त सुटले, आणि साखर खाली गेली. हा प्रकार बायपासनंतर बहुधा वर्ष उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे ऑपरेशनशी त्याचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी थरथर सुटली की ग्लुकोमीटरने साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर वर आली की पनीरचा तुकडा, अंडे किंवा मूठभर शेंगदाणे खा. पेढे, सरबत असे गोड घेत राहिलात तर पुन्हा इन्सुलिनची लाट आणि पुन्हा घसरण. अशा वेळी गाडी चालवू नका. आकडा ५४ च्या खाली गेला, शुद्ध हरपली किंवा हे वारंवार होऊ लागले तर सर्जनकडे जा. आकार्बोजसारखे औषध काहींना लागते.

टाळण्यासाठी : एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त कार्ब्ज नकोत, आणि तेही प्रथिनांनंतर. फळ खा, रस नको. गूळ, मध, काकवी यांना साखरेइतकेच धरा. सणाला चव म्हणून श्रीखंड दोन चमचे, जेवणाच्या शेवटी. स्लीव्हवाल्यांनीही हे वाचून निश्चिंत होऊ नये. त्यांचे जठराचे दार शाबूत असले तरी जठर लवकर रिकामे होते, आणि डम्पिंग त्यांनाही होते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. बायपासला तीन आठवडे झाले, कार्ब्ज अगदी कमी, साखर ११० च्या आत. जुन्या गोळ्या तशाच चालू आहेत. हरकत नाही ना? (वाचक, नाशिक)

हरकत आहे. याच आठवड्यात चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्या मात्रेत चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ज्या औषधाच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा आहे (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), त्याचा धोका निराळा. कार्ब्ज कमी असताना ते घेतले तर रक्तात कीटोन आम्ल साचू शकते, आणि ग्लुकोमीटरचा आकडा चांगला दिसत असल्याने कोणाला संशयही येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. ती दिसली तर आठवडा कसला, तडक रुग्णालय. गोळी मनाने बंद करू नका, आजच फोन करून विचारा.

प्रश्न : पतीची स्लीव्ह होऊन सहा आठवडे झाले. दोन आठवड्यांपासून रोज उलट्या. ग्लुकोजचे पाणी आणि नारळपाणी तेवढे टिकते. आता पायांना मुंग्या येतात, चालताना झोकांड्या जातात. अशक्तपणा म्हणून चालू द्यावे का? (वाचक, कोल्हापूर)

अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखे हे पत्र नव्हते. ‘लगेच रुग्णालयात न्या’ असे उत्तर स्वतंत्र कळवले आहे. इथे ते इतरांसाठी.

ब १ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामिनचा, शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्यांमुळे नवे येत नाही. त्यात ग्लुकोज पचवायला थायामिनच खर्च होते, म्हणजे ताकद यावी म्हणून दिलेले ग्लुकोज उरलेला साठाही संपवते. मुंग्या, झोक जाणे, दुहेरी दिसणे, बोलण्यात गोंधळ ही नसांना आणि मेंदूला इजा होऊ लागल्याची चिन्हे आहेत आणि उशीर झाला तर ती कायमची राहू शकते. कॅज्युअल्टीत गेल्यावर हे वाक्य सांगा : “बॅरिॲट्रिक ऑपरेशन झाले आहे, इतके दिवस उलट्या आहेत, ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायामिनचे इंजेक्शन द्या.” रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ऑपरेशनचा इतिहास माहीत नसतो. उलट्या का होतात, नळी कुठे अरुंद झाली आहे का, हे त्यानंतर पाहायचे.

प्रश्न : स्लीव्हला पाच महिने झाले. दोन्ही एकादश्या आणि संकष्टी सोडायची नाही, असा माझा नेम. साबुदाण्याची खिचडी चालेल? त्या दिवशी गोळ्या घ्याव्यात का? (वाचक, पंढरपूर)

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. चाळीस ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम कार्ब्ज आणि प्रथिने नावापुरतीही नाहीत. वर बटाटा. शिवाय तो चिकट. पाचव्या महिन्यात नळीत गोळा होऊन बसला तर अख्खा दिवस कळ आणि तोंडाला फेसाळ पाणी.

नेम सोडू नका, खिचडी सोडा. राजगिऱ्याच्या ३० ग्रॅम पिठाचे थालीपीठ केले तर ४ ग्रॅम प्रथिने आणि १९-२० कार्ब्ज मिळतात. सोबत दही, शेंगदाण्याची आमटी. पनीर उपासाला चालत असेल तर दिवसाला शंभर ग्रॅम, त्यातून १८ ग्रॅम प्रथिने मिळतील. व्हे प्रोटीन दुधाच्या निवळीतूनच काढतात; दूध चालते त्या घरात बिनस्वादाचे व्हे दुधात घालून घ्यायला हरकत नसावी. त्या दिवशीही साठ ग्रॅमचा आकडा गाठायचाच. निर्जळी मात्र पहिल्या वर्षात अजिबात नको. दिवसाला दीड लिटर द्रव घोट घोट पोटात गेलेच पाहिजे.

गोळ्या चुकवू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान दोन तास ठेवा, आणि लोहाची चहाबरोबर नको. कॅल्शियम सायट्रेट असेल तर ते रिकाम्या पोटीही चालते, त्यामुळे उपासाची अडचण येत नाही. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा.