अँग्लिकन चर्चची (इंग्लंडमधून पसरलेल्या ख्रिस्ती पंथाची) रचना आणि ख्रिस्ती पंथांचं ऐक्य तीर्थयात्रेच्या अभ्यासक्रमातून समजतं का?

समजतं, पण बिशपपदाचा वाद, म्हणजे अँग्लिकन बिशप आणि धर्मगुरूंची दीक्षा रोमन कॅथलिक चर्चने वैध मानावी का हा प्रश्न, आधी वाचून जा, नाहीतर नुसतं पर्यटन होईल. रोमला जाणार असाल तर सेलिओ टेकडीवरचं सॅन ग्रेगोरिओ चर्च चुकवू नका. इथल्याच मठातून पोप ग्रेगरींनी ५९६ साली ऑगस्टीनला इंग्लंडला धाडलं. इंग्लंडमधल्या चर्चचं प्रमुख पीठ असलेल्या कँटरबरीचा पहिला आर्चबिशप तोच. म्हणजे रोमशी नातं जुनं, भांडण नंतरचं. १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा अवैध ठरवली. तरी १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रॅम्झी यांना बिशपपदाची खूण असलेली स्वतःची अंगठी दिली! दीक्षेचा तो निर्णय मात्र आजही मागे घेतलेला नाही. गंमत म्हणजे प्रत्यक्षात झालेलं ऐक्य पाहायला रोमलाच जायला हवं असं नाही: मुंबई-नाशिककडचे अँग्लिकन १९७० पासून इतर प्रोटेस्टंट पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आहेत.