डंकर्कनंतर काय? आधी पाणबुडीत शिरा

तुमचा प्रश्न असा की 'बॉर्डर', 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आणि 'डंकर्क' पाहून झाले, आता वडिलांबरोबर बसून बघता येईल असा 'खरा वाटणारा' युद्धपट कोणता. त्यावर काहींचं म्हणणं पडलं की जितकं रक्त जास्त, तितका सिनेमा खरा. मला हे अजिबात पटत नाही. 'रायन'ची सुरुवातीची ओमाहा किनाऱ्यावरची लढाई जबरदस्तच आहे, वाद नाही. पण सैनिकाचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो, आणि ते पडद्यावर आणताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

म्हणून माझं पहिलं नाव वोल्फगांग पीटरसनचा 'दास बूट' (१९८१). दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, म्हणजे सगळी माणसं 'पलीकडची'. निघताना जागा मिळेल तिथे खाण्याचं सामान कोंबलेलं, दोनांपैकी एक संडाससुद्धा शिध्याने भरलेला. उरलेल्या एकावर पन्नासेक माणसं. (चाळीत वाढलेल्यांना या दुःखाची फोड करून सांगायला नको.) चित्रण बरंचसं कथेच्या क्रमानेच केलं, त्यामुळे वाढत जाणाऱ्या दाढ्या खऱ्या आहेत. कॅमेरामन योस्ट वाकानो हातात कॅमेरा घेऊन त्या बोळकांडीतून नटांच्या मागे अक्षरशः धावलाय. आणि मग तो प्रसंग: वर शत्रूची विनाशिका घिरट्या घालतेय, खाली सगळे श्वास रोखून छताकडे बघतायत. दिसत काहीच नाही. सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा टण्ण आवाज तेवढा जवळ येत राहतो. गोळी एकही सुटत नाही, पण आपल्या तळहातांना घाम फुटतो.

१९९७ची दिग्दर्शकाची आवृत्ती घ्या, जवळजवळ साडेतीन तासांची आहे. डब केलेली नको, मूळ जर्मन आणि सबटायटल. रविवारी दुपारी शेजारचा कुकर आणि खालचा भंगारवाला यांच्या साथीने बघाल तर अर्धा सिनेमा गेलाच. रात्री जेवणं उरकून बसा. लोकलमध्ये मोबाइलवर बघणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

एलेम क्लिमोवचा 'कम अँड सी' (१९८५) एव्हाना तुम्हाला कुणीतरी सुचवलाच असेल. थोर आहे, पण वडिलांबरोबर नको. बेलारूसमधली गावं जाळताना बघणाऱ्या पोराचा चेहरा शेवटी म्हाताऱ्यासारखा दिसायला लागतो. एकट्याने बघा आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवा.

आपल्याकडचा हवा असेल तर चेतन आनंदचा 'हकीकत' (१९६४). १९६२चा पराभव झाल्यावर दोनच वर्षांत, लडाखमध्ये जाऊन, हरलेल्या लढाईवर सिनेमा काढायला छाती लागते. मधली प्रेमकथा रेंगाळते, सोसा. 'कर चले हम फिदा' शेवटी त्याच्या जागेवर ऐकलंत की पंधरा ऑगस्टच्या लाउडस्पीकरवरचं गाणं वेगळंच वाटेल. 'बॉर्डर'वर माझा राग नाही, थिएटरात शिट्ट्या मीही मारल्यात. पण पडद्यावर धडाधड माणसं पडतात, आणि तो ज्या लढाईवर आहे त्या प्रत्यक्ष लोंगेवालात, १९७१च्या युद्धात, आपले दोन जवान कामी आले. पहाट होईपर्यंत टिकून राहणं हीच तिथली खरी गोष्ट होती, कारण आपली हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. त्या रात्रभराच्या थांबण्यावर वेगळा सिनेमा व्हायला हवा होता.

जाता जाता 'डंकर्क'बद्दल, म्हणजे १९४०मध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश फौजेच्या सुटकेवरच्या सिनेमाबद्दल. दिग्दर्शक नोलनने तो आठवडा, दिवस आणि तास असा तीन पातळ्यांवर विणलाय ते झकासच, पण एक गोष्ट राहिली. ब्रिटिशांच्या मदतीला भारतीय सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या फ्रान्समध्ये होत्या, डिसेंबर १९३९मध्ये आपल्याच मुंबई बंदरातून निघालेल्या. त्यातले बरेच जण डंकर्कहूनच सुटले, एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. सिनेमात त्यांचा मागमूस नाही.

तर वडिलांबरोबर आधी 'दास बूट', मग 'हकीकत'. 'दास बूट'च्या शेवटाबद्दल वडील काय म्हणतात ते नक्की कळवा, आमच्या घरात त्यावरून अजून दोन तट आहेत.