डिस्कवरचं व्हर्जन वेगळं, सेशनमधलं वेगळं

घरच्या लॅपटॉपवर आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आर भाषेतला कोड तोच, सीएसव्ही तीच, तरी पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांच्या टेबलात वरच्या पाच ओळी वेगळ्या येतायत, आणि पॅकेजव्हर्जन टाकलं तर दोन्हीकडे डीप्लायर (टेबलं हाताळायचं आर चं पॅकेज, म्हणजे तयार फंक्शनांचा संच) १.१.० च्या पुढचंच दिसतंय, म्हणजे व्हर्जनचा घोळ नाही ना, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो की. मला तर तोच वाटतोय.

(मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितेय त्यामुळे फंक्शनची नावं देवनागरीत आलीत, कन्सोलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका, आणि आर ला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो, सेशनइन्फो मधला आय कॅपिटल, गेटनेमस्पेसव्हर्जन मधले एन आणि व्ही कॅपिटल.)

पॅकेजव्हर्जन हे पॅकेजच्या फोल्डरमधली माहिती वाचतं, म्हणजे आत्ता डिस्कवर काय पडलंय ते. तुम्ही सकाळी आरस्टुडिओ उघडलं, डीप्लायर लोड केलं, दुपारी कोणीतरी म्हणालं अपडेट मार म्हणून मारलं, तर डिस्कवर नवीन येतं पण चालू सेशन मेमरीतलं जुनंच धरून बसतं. बसवर पाटी कोथरूड डेपोची लावली आणि गाडी हडपसरला निघालीय, तसलं. लॅबचे पीसी तर लोक बंदच करत नाहीत, एकेक सेशन आठवडा आठवडा उघडं असतं, आणि मधे दुसऱ्याच कोणीतरी अपडेट केलेलं असतं.

गंमत म्हणजे सेशनइन्फो (चालू सेशनमधली आर आणि पॅकेजेसची व्हर्जन्स दाखवणारं फंक्शन) सुद्धा इथे फसतं. त्याच्या हेल्प पेजवरच लिहिलंय की पॅकेज जिथून लोड झालं त्या जागी आत्ता जे व्हर्जन आहे ते दाखवलं जातं, मधे दुसऱ्या प्रोसेसने पॅकेज बदललं असेल तर माहिती चुकू शकते. ते पेज कोण वाचतंय म्हणा, मी पण बरीच वर्षं वाचलं नव्हतं. खरं मेमरीतलं व्हर्जन हवं असेल तर गेटनेमस्पेसव्हर्जन मध्ये पॅकेजचं नाव द्या. किंवा सेशनइन्फो याच नावाचं एक वेगळं पॅकेज आहे (सगळी अक्षरं स्मॉल), त्यातलं सेशन अंडरस्कोर इन्फो चालवा, ते लोड झालेलं आणि डिस्कवरचं जुळत नसेल तर त्या ओळीपुढे व्ही अशी खूण करतं.

आता तुमच्या ओळी. डीप्लायर १.१.० पासून (जानेवारी २०२३) अरेंज ने (ओळी क्रमाने लावणारं फंक्शन) अक्षरांचा क्रम लावायची पद्धत बदलली, आधी सिस्टीमचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) बघायचं, आता डिफॉल्ट सी लोकेल, आणि त्यात सगळी कॅपिटल अक्षरं आधी आणि स्मॉल नंतर. तुमच्या सीएसव्हीत कोणीतरी आंबेगाव आणि दौंड स्मॉल अक्षराने टाईप केलं असणार, पैज लावते. जुन्यात इंग्रजी लोकेल असेल तर आंबेगाव सगळ्यात वर येतं, नव्यात ते वेल्ह्याच्याही खाली जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि तुम्ही पहिल्या पाच ओळी उचलल्या की पुढचं सगळंच हुकतं. जुना क्रम हवा असेल तर अरेंज मध्ये डॉट लोकेल ला ईएन द्या, त्यासाठी स्ट्रिंगी पॅकेज लागतं. पण खरं तर नावंच साफ करा ना आधी.

दुसरी शक्यता लिबपाथ्स, म्हणजे आर पॅकेजेस ज्या फोल्डरांत (लायब्ररींत) शोधतं त्यांची यादी. मी खराडीला क्लिनिकल ट्रायलच्या टेबलांचं काम करायचे तेव्हा डबल प्रोग्रॅमिंग असायचं, दोघांनी स्वतंत्र कोड लिहायचा आणि आकडे जुळवायचे, आणि एकदा आमचे जुळेचनात, रात्री साडेआठपर्यंत आम्ही एकमेकींच्या लॉजिकमध्ये चुका काढत बसलो, थोडं भांडण पण झालं. निघालं काय, तर माझ्याकडे सर्व्हरच्या कॉमन लायब्ररीच्या आधी माझी स्वतःची लायब्ररी लागत होती, आणि त्यात मी कधीतरी हौसेने टाकलेलं नवं पॅकेज होतं. एकच पॅकेज दोन ठिकाणी असेल तर यादीत जे आधी सापडेल ते लोड होतं. डॉट लिबपाथ्स चालवून किती फोल्डर दिसतात बघा, लॅबमध्ये दोन तरी असतीलच.

सेशनइन्फो मधला सगळ्यात खालचा भाग, नेमस्पेसद्वारे लोड झालेली पण अटॅच न झालेली पॅकेजेस (म्हणजे तुम्ही स्वतः न उघडता दुसऱ्या पॅकेजने मागे उघडलेली), तोही सोडू नका, आरलँग, व्हीसीटीआरएस वगैरे मंडळी तिथेच लपलेली असतात. आणि कोडमध्ये कुठे सॅम्पल (यादृच्छिक निवड करणारं फंक्शन) वापरलं असेल तर खुद्द आर चं व्हर्जन बघा, ३.६.० ला (२०१९) सॅम्पलची डिफॉल्ट पद्धत बदलली, तेव्हापासून सेटसीड (निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा आकडा) तोच देऊनही जुन्या आर शी आकडे जुळत नाहीत.

तर आधी दोन्हीकडे सेशन रिस्टार्ट मारा, कंट्रोल शिफ्ट एफ१०, कोड वरपासून पुन्हा चालवा, आणि मग गेटनेमस्पेसव्हर्जन, लिबपाथ्स आणि पूर्ण सेशनइन्फो, दोन्ही मशीनचं, इथे टाका. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट टाका, आणि लोकेलची ओळ मोठी दिसते म्हणून कापू नका, मला तीच बघायचीय.