क्रिप्टिक शब्दकोड्यातली सूचना वाचून काहीच बोध होत नाही. सुरुवात कशी करावी?

तुम्ही सूचना वाक्य म्हणून वाचताय, तिथंच अडतंय. शब्द सुटे करा. उत्तराचा सरळ अर्थ सूचनेच्या एका टोकाला असतो, अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी. उरलेल्या शब्दांत ते उत्तर अक्षरांतून कसं बांधायचं त्याची कृती असते.

इंग्रजी कोड्याला हात घालण्याआधी मराठीत हात बसवा. मी कोल्हापूरचा, त्यामुळं इथलंच रचून देतो.

‘रंगाच्या सुरुवातीला लागला काळा; संध्याकाळी गर्दी तिथं (३)’

वाचताना डोळ्यांसमोर रंगपंचमी येते. ते चित्र बाजूला सारा. रंगाची सुरुवात ‘रं’, त्याला लागला ‘काळा’. रंकाळा, आमचा तलाव! संध्याकाळी भेळ खायला माणसं कुठं जमतात हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. कंसातला आकडा अक्षरांचा.

‘नदी उलटली की गरीब (२)’. आम्ही २०१९ चा पूर पाहिलाय, म्हणून हे वाक्य काळजाला भिडतं आणि नेमकं तिथंच फसायला होतं. ‘नदी’ उलटी वाचा : दीन. मराठीत वेलांटी आपल्या अक्षराबरोबरच फिरते, हे लक्षात ठेवा.

ढवळलं, मोडलं, विस्कटलं असं काही दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवायची. ‘गरम ढवळलं, पाण्यातला शिकारी (३)’ म्हणजे मगर. इंग्रजीत ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ त्याच सहा अक्षरांचे आहेत. सुरुवातीला बरेच दिवस मला हा एकच प्रकार सुटायचा, आणि त्यावरच मी टिकलो.

माझा जीव मात्र दुहेरी अर्थाच्या सूचनेवर. तिथं कृती नसतेच, दोन्हीकडं अर्थच. ‘बसायला घेतला, शेतात वाहिला (२)’. पाट. आजीच्या स्वयंपाकघरातला आणि उसाच्या रानातला, दोन्ही एका शब्दात. असं सुटलं की दिवसभर बरं वाटतं.

‘ॲफ्रिट’ या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ मध्ये दंडक सांगितला : रचणाऱ्यानं दिशाभूल खुशाल करावी, पण जे सांगायचं ते शब्दांत असलंच पाहिजे. म्हणून अडलेल्या सूचनेचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून आलं की नुसतं वाचून पान उलटू नका. उत्तर समोर ठेवून प्रत्येक शब्द कुठं खपला ते शोधा. एक जरी शब्द उरला, तरी ती सूचना अजून कळलेली नाही.