पेन्शन चालू आहे, मग नोकरी नाकारून एमएसडब्ल्यू करू का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी 24 वर्षं सेवा करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय 43. कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) कपात जाऊन महिना 30 हजार पेन्शन हातात येते. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, फंड आणि ग्रुप इन्शुरन्सचे मिळून 38 लाख बँकेत आहेत. घरखर्च 42 हजार. त्यातला साडेबारा हजार घरकर्जाचा हप्ता, कर्ज साडेसहा लाख बाकी. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची 26 हजारांची नोकरी तयार आहे. पण मला समाजकार्यात एमएसडब्ल्यू (पदव्युत्तर पदवी), मग पीएचडी करून शिकवायचं आहे आणि निवृत्त जवानांच्या कुटुंबांवर संशोधन करायचं आहे. त्यासाठी 12 लाख बाजूला ठेवतोय. पीएचडीला जेआरएफचे (नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन अधिछात्रवृत्तीचे) दरमहा 37 हजार मिळतील, असं धरलं आहे. चुकतोय का?

सुभेदार साहेब, जय हिंद.

एमएसडब्ल्यू कराच. पूर्णवेळ पीएचडीचा बेत मात्र सोडा. आणि 12 लाख नको, चार ठेवा.

सगळ्यात आधी जेआरएफ, कारण तुमचं सगळं गणित त्या 37 हजारांवर उभं आहे आणि ते पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. जेआरएफची वयोमर्यादा 30 वर्षं आहे. सैन्यदलात सेवा केलेल्यांना सवलत मिळते, पण ती जास्तीत जास्त पाच वर्षांची. एमएसडब्ल्यू संपेल तेव्हा तुम्ही 45 चे असाल. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यायला वयाची अट नाही, तो रस्ता उघडा आहे. फक्त त्या रस्त्यावर दरमहा पैसे नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती प्रवर्गानुसार असतात. तुम्ही बसत असाल तर जाहिरातीतल्या अटी वाचून अर्ज जरूर करा, पण मिळेपर्यंत बजेटात एक रुपयाही धरू नका.

आता दोन वर्षांचा हिशेब. महिन्याला 12 हजारांची तूट आहे. ती भरायला पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत पैसे ठेवायचा विचार बहुतेक निवृत्त मंडळी करतात. सध्याच्या 7.4 टक्क्यांनी महिना 12 हजार काढायचे तर साधारण साडेएकोणीस लाख गुंतवावे लागतील, आणि जोडखात्याची मर्यादाच 15 लाख आहे. उलट साडेसहा लाख भरून घरकर्ज फेडलं की साडेबारा हजारांचा हप्ता थांबतो आणि तूट संपते. पोस्टात मुद्दल शिल्लक राहतं, कर्जात ते जातं, हे मान्य. पण तुमच्या ताटात आत्ता सगळ्यात टंचाई आहे ती दरमहा येणाऱ्या पैशाची. कर्ज फ्लोटिंग (बदलत्या) दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही.

मग 30 हजारांत साडेएकोणतीस हजारांचं घर चालवायचं. काटेकोर आहे, पण अशक्य नाही. महागाई दिलासा वर्षातून दोनदा वाढतो आणि तो मूळ पूर्ण पेन्शनवर मिळतो, कम्युट केलेला भाग त्यातून वजा होत नाही. शिवाय 15 वर्षांनी तो भाग परत चालू होतो, म्हणजे 58 व्या वर्षी पेन्शन आपोआप वाढेल. औषधोपचाराला ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. नागरी नोकरी सोडून शिकायला निघालेल्या कुणाकडेही एवढं काही नसतं, म्हणून तर मी तुम्हाला हो म्हणतोय.

खरा खर्च फीचा नाहीच. 26 हजारांप्रमाणे दोन वर्षांत सव्वासहा लाखांचा पगार तुम्ही सोडताय, ती खरी किंमत. नोकरी करत दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू होते, पण ड्युटी बारा तासांची असेल तर क्षेत्रकार्याला (संस्थांत, वस्त्यांत जाऊन करायच्या कामाला) वेळ कुठून काढणार? समाजकार्याच्या शिक्षणाचा कणा क्षेत्रकार्यच आहे, आणि पुढचं काम देणाऱ्या ओळखीही तिथेच होतात. म्हणून माझं मत नियमित अभ्यासक्रमाकडे झुकतं. (तुमची पदवी मुक्त विद्यापीठाची आहे, ती चालते. इतर माजी सैनिकांसाठी सांगतो: पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट गट क च्या नोकऱ्यांसाठी पदवीसमान धरतात, त्यावर एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नका.)

पुढचा भाग कडू आहे. सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार 57,700 रुपये आहे, वर भत्ते, आणि तोच आकडा सगळे डोळ्यांसमोर ठेवतात. पण आपल्याकडे नेट-सेट (सेट ही राज्याची तशीच परीक्षा) झालेले, पीएचडी झालेले कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, नेमणूक त्या-त्या वर्षापुरती, आणि बिल कधी निघेल ते कॉलेजलाही ठाऊक नसतं. माजी सैनिकांचं आरक्षण मुख्यतः गट क आणि ड च्या पदांना आहे, प्राध्यापकाच्या भरतीत ते कामी येत नाही. समजा, अर्धवेळ पीएचडी होऊन पन्नाशीत कायम जागा मिळालीच, तर साठीपर्यंत दहा वर्षं हातात. त्यातही 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस, म्हणजे जमेल तेवढ्या निधीवरची पेन्शन आहे. दहा वर्षांत त्यात फार साठत नाही.

तेव्हा प्राध्यापकी हे उत्पन्न म्हणून नियोजनात धरू नका. मिळाली तर वरकड. सीएचबीच्या, म्हणजे या तासिका तत्त्वाच्या पैशांवर ज्याचं घर चालतं त्याची त्यात फरफट होते. तुमचं घर पेन्शनवर चालणार असेल तर तेच तास तुम्ही आवडीने घेऊ शकता.

एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षात असतानाच नेट आणि सेट दोन्हीला बसता येतं, तेव्हाच बसा. एमएसडब्ल्यूला 55 टक्क्यांच्या खाली जाऊ नका (राखीव प्रवर्गाला 50), नाहीतर नेटची दारंच बंद होतात. पदवी हातात आली की सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक निधीचे) प्रकल्प, रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र, जिथे जमेल तिथे पगाराची नोकरी धरा आणि पीएचडी अर्धवेळ करा. नियमांनी किमान तीन, साधारण सहा वर्षांची मुदत मिळते. तुमचा विषय अर्धवेळ कामाला सोयीचाही आहे: निवृत्त जवानांच्या घरी सुट्टीच्या दिवशीच जावं लागतं, आणि बाहेरच्या संशोधकाला जे सांगणार नाहीत ते ती कुटुंबं सुभेदार साहेबांना सांगतील. एमएसडब्ल्यूनंतर वर्षभरात नेट-सेट निघाली नाही आणि पगारही लागला नाही, तर सिक्युरिटीची नोकरी पुन्हा शोधायची. हे आजच घरात सर्वांसमोर ठरवा.

पैशांची वाटणी अशी: साडेसहा लाख कर्जाला, तीन लाख अडीअडचणीला एफडीत, चार लाख फी, प्रवास आणि दोन वर्षांच्या वरखर्चाला, आठ लाख मुलीच्या शिक्षणाला. उरलेल्या साडेसोळा लाखांना मुलगा मोठा होईपर्यंत हात लावायचा नाही. निम्मे पोस्टात किंवा एफडीत, निम्मे महिन्या-महिन्याने इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात). बँकेतून विम्याला गुंतवणूक जोडलेली पॉलिसी कुणी सुचवेलच, सरळ नाही म्हणा. पेन्शन आणि व्याज मिळून तुम्ही नव्या कर प्रणालीत करमुक्त मर्यादेच्या खूप खाली आहात, तेव्हा कर वाचवण्यासाठी म्हणून काहीही घ्यायची गरज नाही. मुदत विमा मात्र तपासा. तुमच्या मागे पत्नीला मिळणारी नेहमीची कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते, तुमची 50 टक्क्यांवर ठरलेली आहे.

मुलीचे आठ लाख कॉलेजची पहिली फी भरेपर्यंत शेअर बाजारापासून लांब ठेवा. ती इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला गेली आणि बारावीला 60 टक्के असतील, तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. मुलींना महिना तीन हजार मिळतात. निवड गुणवत्तेवर होते आणि अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो, दुसऱ्या वर्षी घेत नाहीत.