सकाळी स्टार्टर फिरतो, पण पेट्रोल गाडीचे इंजिन लवकर सुरू होत नाही. दोष कसा शोधावा?

स्टार्टर इंजिन जोमाने फिरवतो की रडतखडत, हे आधी कानांनी ठरवावे. रडतखडत फिरत असेल तर बॅटरीच्या टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी भुकटी साफ करून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावावा. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत.

तो जोमाने फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर माझा पहिला संशय इंधनाच्या दाबावर जाईल. किल्ली फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवून दोन सेकंद थांबावे, म्हणजे टाकीच्या बाजूने पंपाची बारीक घरघर ऐकू येते, असे दोन-तीनदा करून मग स्टार्टर मारल्यावर इंजिन लगेच सुरू झाले, तर गाडी उभी असताना पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतो आहे, म्हणजे बहुधा पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा एखादा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) गळतो आहे. फरक पडला नाही, तर स्पार्क प्लग काढून पाहावेत. कोरडे प्लग पेट्रोल पोहोचत नसल्याचे सांगतात, तर ओले प्लग ठिणगी कमकुवत असल्याचे किंवा पेट्रोल जास्त होत असल्याचे.

त्रास केवळ थंड इंजिनालाच होत असल्यास कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सरही तपासून घ्यावा, कारण तो इंजिन आधीच गरम असल्याचे चुकीने दाखवत असेल तर कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल सोडतच नाही, आणि अशा वेळी चेक इंजिनचा दिवा लागेलच असे नाही.